चाळीस मिनिटं शोधायला वडनेरकडं

लोक प्रवासाला निघतात ते काशीला, नाहीतर काश्मीरला. मी निघालो हिंगणघाट तालुक्यात. तेही श्रावणाच्या शेवटी, गुडघाभर चिखलात, आणि शोधायला काय, तर हरवलेली चाळीस मिनिटं. परत आल्यापासून जो तो विचारतोय, "काय हो, काय पाहिलंत तिकडं?" एकेकाला सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच काढतो.

मी नागपूरच्या विमानतळावर नोकरी करतो. विमान चालवत नाही. कोणतं विमान कधी सोडायचं, किती उंचीवरून पाठवायचं, कोणाला थांबवायचं हे ठरवणाऱ्या मनोऱ्यात बसतो. लोकांना वाटतं, आभाळ मोकळं आहे, कुठूनही जा. छे! आभाळातही रस्ते असतात. एका रस्त्यावर एका उंचीला एका वेळी एकच विमान, ही आमची पहिली शिकवण. आणि दुसरी अशी की पुढं ढग कसे आहेत हे कळल्याखेरीज पावसाळ्यात कोणाला जमिनीवरून उठू द्यायचं नाही.

दक्षिणेकडं जाणारं आमचं सकाळचं विमान आठला सुटायचं. त्याच्या वाटेवर, वडनेरच्या पलीकडं एका खेड्यात हवामानाची चौकी होती. चौकी म्हणजे शाळेच्या आवारातली चार यंत्रं आणि शाळेचे गुरुजी. गुरुजी सकाळी सातला आभाळ बघून चिठ्ठी लिहीत, ती जवळच्या बाजारगावच्या तारघरात जाई, आणि तिथून तार आमच्याकडं. पूर्वी ती वेळेवर आली तर ठीक, नाही आली तरी विमान सुटत असे. पण यंदा मी सहा महिने नव्या पद्धतीचं शिक्षण घेऊन आलो होतो. नवा मुसलमान पाच वेळा नमाज पढतो म्हणतात, तशातली गत. जूनच्या पहिल्याच आठवड्यात मी नियम काढला: गुरुजींची तार हातात पडल्याशिवाय विमान सोडायचं नाही.

आणि तेव्हापासून विमानाला उशीर सुरू झाला. आधी पाच मिनिटं, मग बारा, मग पंचवीस. श्रावण लागेपर्यंत रोजची चाळीस मिनिटं ठरलेली. तारेत लिहिलेलं असायचं 'निरीक्षण सात वाजता'. ती पावणेआठला पोचायला हवी, ती यायची आठ पंचवीसला. मग वैमानिकाला हवामान समजावून पंखे फिरेपर्यंत पंधरा मिनिटं. एका शेटजींनी मला तोंडावर सांगितलं, "तुमच्या विमानापेक्षा आमची पॅसेंजर बरी. ती निदान उशीर करून नाक वर करत नाही."

मी हिशोब मांडला. गुरुजी सातला लिहितात. पायवाटेनं चिठ्ठी पोचायला चाळीस मिनिटं. तार यायला पाच. म्हणजे गोम तारघरातच. मी तार खात्याला कडक पत्र धाडलं. तिथल्या तारबाबूकडून खुलासा मागवला गेला. सुदाम नावाचा नवा तरुण, अजून कायम न झालेला. त्याचं उत्तर दोन ओळींचं: 'चिठ्ठी आली की लगेच पाठवतो. आल्याची वेळ वहीत लिहिली आहे.' वहीत वेळ रोज आठ वीस. मला ती सरळ सरळ लबाडी वाटली. वरून हुकूम आला, तुम्ही स्वतः जाऊन बघा आणि अहवाल द्या. अहवाल विरुद्ध गेला तर त्याला कमी करण्यात येईल. मी पिशवी भरली. खरं सांगायचं तर अहवाल माझ्या डोक्यात घरूनच लिहून झाला होता.

हिंगणघाटहून पुढं

वर्ध्याला गाडी बदलून हिंगणघाटला उतरलो. कापसाचा हंगाम नसल्यानं जिनिंग गप्प होत्या. स्टेशनाबाहेर एका हॉटेलात चहा मागितला तर पोऱ्यानं मला दुरुस्त केलं, "चाय का?" बरोबर आलुबोंडा आला, तोंड पोळणारा आणि वर तळलेली मिरची. मी सासवडचा, तिखटाला भीत नाही असं सगळ्यांना सांगत फिरतो. त्या मिरचीनंतर दहा मिनिटं काही सांगितलं नाही.

मोटारीनं वडनेर, आणि वडनेरहून छकडा. तारघर वाटेवरच होतं, पण मी मुद्दाम आधी गुरुजींकडं जायचं ठरवलं. चोराला आधी सावध कशाला करा? गावांची नावं मी सांगणार नाही, कारण माणसं अजून तिथंच नांदताहेत.

ही सगळी काळी माती. आमच्याकडची तांबडी माती पायाला लागते आणि सुटते. ही बायकोच्या माहेरच्या माणसासारखी, एकदा चिकटली की जाता जात नाही. एका नाल्यात छकड्याचं चाक रुतलं. गाडीवान म्हणत होता, "बसून राहा जी, बैल काढते बराबर." पण माझ्या अंगात साहेबी. ओझं कमी करावं म्हणून मी उतरलो तो थेट कमरेएवढ्या पाण्यात, आणि तोल सांभाळायला हात टेकला तो मनगटी घड्याळासकट.

"मी म्हटलं होतं ना," गाडीवान शांतपणे म्हणाला. "पानी दिसलं का उतरलेच तुमी."

घड्याळ बंद पडलं. चाळीस मिनिटं शोधायला निघालेल्या माणसाकडं आता एकही मिनिट उरलं नाही.

गुरुजींची चौकी

गुलाबराव गुरुजी पन्नाशीचे. धोतर, काळी टोपी, कानावर पेन्सिल. घरची थोडी शेती, बैलजोडी, आणि राहणं शाळेच्या आवारातच. मला चिखलात माखलेला बघून त्यांनी नाव विचारायच्या आधी गरम पाणी काढायला सांगितलं. मग माझं घड्याळ घेतलं, पाठ उघडली, सरकी काढलेल्या बारीक कापसानं एकेक चाक टिपलं आणि चुलीपाशी ताटलीत ऊब दिली. तासाभरात घड्याळ टिकटिकू लागलं. शाळेच्या भिंतीवरच्या मोठ्या घडीवर बघून त्यांनीच काटे लावून दिले.

"आता पक्कं झालं," ते म्हणाले. "ह्या घडीत एक मिनिटाचा फरक सापडला तर माहं नाव बदला."

जेवायला ज्वारीची भाकर, तरोट्याची भाजी आणि वरून जवसाचं कच्चं तेल. तेल वाढताना गुरुजींची बायको "पुरे" ऐकतच नाही. आमच्याकडं तुपाची धार धरतात तीसुद्धा हात आखडून. इथं तेलाला हात मोकळा. तरोटा म्हणजे रस्त्याकडेला उगवणारा टाकळा. सासवडला आम्ही तो पायाखाली तुडवतो, इथं मी तिसऱ्यांदा मागून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातचं निरीक्षण बघितलं आणि गडी मला आवडूनच गेला. घडीत ठोके पडायला आणि गुरुजी आवारात यायला एकच गाठ. पर्जन्यमापक, वाऱ्याचा कोंबडा, दोन तापमापकं, सगळं लखलखीत. मग त्यांनी घोंगडी अंथरली आणि त्यावर चक्क उताणे पडले.

"हे काय?" मी विचारलं.

"उभ्यानं पाह्यलं तर मानूस समोरचंच आभाळ पाहते जी. आडवं झाल्यावर सगळं दिसते. किती ढग, किती मोकळं, तेव्हा समजते."

आमच्या शिक्षणात सहा महिन्यांत हे कोणी सांगितलं नव्हतं. मी शेजारी पडून बघितलं. खरंच, आभाळ मोजायचं तर असंच.

चिठ्ठी लिहून त्यांनी भागिरथाबाईच्या हातात दिली. ही भाजीवाली. रोज टोपलं डोक्यावर घेऊन बाजारगावात जाते, आणि त्याच वाटेनं चिठ्ठी पोचवते. बाई कुठं रेंगाळली नाही, टोपलं चढवलं आणि चालू लागली. माझ्या घड्याळात नुकतेच सात वाजून गेले होते.

मी यंत्रांची तपासणी करत बसलो. बरोबर आठ वीसला उत्तरेकडून घरघर आली. सगळी शाळा "इमान! इमान!" करत बाहेर. ढगाखालून आमची डाकोटा गेली, आणि मी, रोज तिला सोडणारा माणूस, त्या पोरांबरोबर मान वर करून उभा. खालून बघितल्यावर छाती कशी फुलून येते! वळून बघतो तर गुरुजी खुर्चीवर चढून घडीशी काहीतरी करत होते. चावी देत असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही.

माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. विमान आज आठ वीसला इथून गेलं, म्हणजे आठला सुटलं. वेळेवर! म्हणजे तार वेळेवर गेली. का गेली? कारण साहेब आल्याची कुणकुण तारघरात लागली. साहेब दौऱ्यावर आले की सगळ्यांची कामं धावतात. झालं, चोरी सापडली.

मी गुरुजींना तसं म्हटलंही. त्यांनी मान हलवली. "पोट्टं हुशार हाय. माह्याच शाळेतून शिकलं. तारेच्या परीक्षेचा फारम मीच भरून देल्लता. पन खुर्ची भेटली का मानूस बदलते जी. काम उद्यावर ढकलाची सवय लागते." त्यांना वाईट वाटत होतं, आणि मला त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं.

पायवाट

तिसऱ्या दिवशी छकडा मागितला तर गाडीवानानं कानाला हात लावले. उद्या पोळा, आणि आज खांदशेकणी. बैलांचे खांदे तुपाहळदीनं शेकायचे, त्यांना विश्रांती द्यायची, जू ठेवायचं नाही. "साक्षात कलेक्टर आला तरी आज बैल नाई," तो म्हणाला. आमच्याकडं पोळ्याला आम्ही बैल सजवतो, पण आदल्या दिवशी त्यांची सुटी इतकी कडक नसते. मी निमूट भागिरथाबाईच्या मागं चालू लागलो. माझ्या घड्याळात सात.

बाईच्या तोंडाचा पट्टा डोक्यावरच्या टोपल्यापेक्षा जड. "काय सांगू सायेब, दोन महिन्यापासून माही भाजीच खपत नाई. पह्यले मी गेली का बायका दारात उभ्या राहत. आता जाते तं चुली विझलेल्या. मान्सं जेवून वावरात गेलेली. मंग माही भेंडी कोन घेते? संध्याकाळी फुकटात वाटून येते."

"भाव जरा कमी कर," मी सल्ला दिला.

ती थांबली, वळली आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उरलेली वाट बुटाच्या चिखलाकडं बघत काढली.

तारघर

तारघर म्हणजे एक खोली, एक खिडकी, आणि मागं सुदामबाबूची राहायची खोली. पंचविशीचा, पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. भिंतीवर बुद्धाचं चित्र. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्याच्या घरानं दीक्षा घेतली होती. घरात सरकारी नोकरीचा पहिलाच माणूस. हे मला कागदपत्रांतून ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही मी ते पत्र पाठवलं होतं.

भागिरथाबाईनं खिडकीतून चिठ्ठी दिली. त्यानं वहीत लिहिलं, आठ वीस. मी मनगट बघितलं: सात चाळीस. भिंतीवरच्या त्याच्या घड्याळात आठ वीस.

माझा पारा चढला. "वा रे बहाद्दर! घड्याळच पुढं करून ठेवलंस होय? वहीतली वेळ खरी दिसावी म्हणून?"

त्यानं डाव्या हाताचा पंजा वर केला. "एक मिनिट सायेब. आधी तार." आणि कटकट कटकट करून सबंध तार पाठवली. मी तसाच उभा. बाजारातली चार माणसं जमली. पोचल्याची खूण आली तेव्हा कुठं तो उठला.

"रोज दुपारी चार वाजता तारेवर वेळ येते. सगळ्या हिंदुस्थानातल्या तारघरांना एकच. त्यावर मी हे घड्याळ लावतो. तुम्ही थांबा आणि स्वतःच्या कानांनी ऐका."

हे मला माहीत होतं. विमानतळावर माहीत नसेल तर कुठं?

"तुमचं घड्याळ कशावर लावलं?" त्यानं विचारलं.

"गुरुजींच्या घडीवर."

"आणि गुरुजी त्यांची घडी कशावर लावतात?"

तेवढ्यात भागिरथाबाई खिडकीतून ओरडली, "इमानावर! साऱ्या गावाले ठाऊक हाय. इमान डोक्यावरून गेलं का मास्तर घडी लावते, आठ वीस. आन् मी कोसभर काय बोंबलत आली तुमच्यासंग? का चिठ्ठी घेऊन येते तं चुली विझलेल्या, भाजी खपत नाई म्हनून!"

मी तिथल्या पोत्यावर बसलोच. सुदामनं तारेचा एक कोरा फॉर्म पुढं सरकवला आणि मी त्याच्या पाठीवर मांडत गेलो.

जूनमध्ये कधीतरी एक दिवस इंजिनाच्या कुरबुरीनं विमान पाच मिनिटं उशिरा सुटलं. गुरुजींनी ते वर आलं तेव्हा घडी आठ वीसवर लावली, म्हणजे घडी पाच मिनिटं मागं पडली. दुसऱ्या दिवशी त्यांचे सात वाजले तेव्हा खरे सात पाच झाले होते. चिठ्ठी पाच मिनिटं उशिरा, तार पाच मिनिटं उशिरा. आणि तार आल्याशिवाय विमान सोडायचं नाही हा नियम! म्हणून विमानही पाच मिनिटं उशिरा. गुरुजींनी पुन्हा त्यावरच घडी लावली. मग कोणा प्रवाशाची पेटी राहिली, सात मिनिटं वाढली. कधी चाकात हवा कमी, आणखी तेरा. विमान उशिरा सुटू शकत होतं, लवकर कधीच नाही, कारण तार लवकर येतच नव्हती. वाढलेलं मिनिट परत कमी व्हायला वाटच ठेवली नव्हती. विमान गुरुजींसाठी थांबत होतं आणि गुरुजी विमानावर घडी लावत होते. काल मी ज्या विमानाला 'वेळेवर' म्हणून शाबासकी दिली ते खऱ्या नऊ वाजता गेलं होतं.

मला हसू आलं, आणि लगेच लाजही वाटली. दोन महिने मी या माणसाच्या नोकरीच्या मागं लागलो होतो.

"तुला हे समजलं होतं?" मी विचारलं.

"पंधरा दिवसांपूर्वी. गुरुजींचे सात आणि माझे आठ वीस, मधली वाट चाळीस मिनिटांची. उरलेले चाळीस घडीतच असणार."

"मग खुलाशात का नाही लिहिलंस?"

त्याची शुद्ध भाषा सुटली. "काय लिहू सायेब? गुरुजींची घडी खोटी आन् माही खरी? कोन मानलं असतं? भागिरथाबाईसंग निरोप धाडला मी, गुरुजी, एकदा घडी पाहा. ते हासले. म्हने, त्याले सांग, विमान चुकत नाई. आन् तुमी? तुमी आत्ता, ह्या चार मान्सांपुढं, काय म्हटलं मले?"

मी म्हटलेलं मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. "चुकलो," मी म्हणालो. चार माणसांपुढंच म्हणालो. पण दोष देताना आवाज जेवढा चढला होता तेवढा माफी मागताना चढला नाही, हेही कबूल करतो.

चार वाजेपर्यंत थांबलो. तारेवर वेळ आली. त्याचं घड्याळ अर्ध्या मिनिटाचाही फरक दाखवत नव्हतं.

खांदशेकणी

संध्याकाळी चिखल तुडवत परत गेलो. गुरुजी गोठ्यात होते. पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्यावर तूप-हळद चोळत होते आणि बैलाच्या कानाशी म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." घरच्या पाहुण्याला बोलवावं तसं. असं हळुवार काम चाललेलं असताना वाईट बातमी द्यायची म्हणजे जिवावर येतं. पण दिली.

आधी ते चिडले. "विमान चुकते? सरकारचं विमान?" तरातरा आत गेले आणि एक कागद घेऊन आले. "हे पाहा. मी आपल्या मनानं लावली का घडी?"

कागद आमच्या कचेरीचा होता. 'आपल्या निरीक्षणाचे महत्त्व ध्यानी यावे म्हणून कळविण्यात येते की, विमान आपल्या गावावरून आठ वाजून वीस मिनिटांनी जाते.' शिक्का. आणि खाली सही माझी.

"पह्यले दर आइतवारी मी तारघरात जाऊन घडी लावत होतो," गुरुजी म्हणाले. "जूनमंदी हे पत्र आलं. म्हटलं, आता नवा जमाना. तारघराची घडी जुनी, विमान नवं. पोरायलेही सांगतलं, पाहा रे, आपली शाळा आता विमानावर चालते."

नवेपणाचा ताप मला होता तसा त्यांनाही. दोघांचा ताप एकमेकांना लागला होता.

"मंग सुदामची नोकरी?"

"त्याच्यावर काही येणार नाही. मी अहवालात खरं लिहितो."

"आन् माही चौकी?"

"जाऊ शकते," मी म्हणालो. खोटं बोलवेना.

हात पुसून ते आत गेले. जेवायला आले नाहीत. त्यांच्या बायकोनं मला वाढलं, तेही न बोलता, आणि त्या दिवशी तेलाची धार बेतानं पडली.

पोळा

आधी निकाल सांगून टाकतो. अहवालात 'दिरंगाईचे कारण' या रकान्यात मी माझा नियम आणि माझं पत्र लिहिलं. वरून मला जे ऐकवलं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. नियम सुधारला: तार ठरल्या वेळेपर्यंत आली नाही तर दुसऱ्या चौकीचा अहवाल धरायचा, आणि प्रत्येक चौकीनं घडी तारघराच्या वेळेवरच लावायची. गुरुजींची चौकी राहिली. सुदामला कमी करण्याचा कागद फाइलीतून काढून टाकला गेला, आणि आता तो कायम झालाय. भागिरथाबाईच्या भेंडीचं काय झालं ते विचारायचं राहिलं, पण खपत असणार. आता पोळ्याची सकाळ.

मी उठलो तेव्हा शाळेच्या भिंतीवर घडी नव्हती. खिळा तेवढा उरला होता. "अंधारातच घेऊन गेले," गुरुजींची बायको म्हणाली. "पानीही पेले नाईत." मी पिशवी उचलली आणि त्यांच्या मागं निघालो. पाऊस बारीक लागला होता.

बाजारगावात इतक्या सकाळीही चांगलीच गर्दी होती. बैल सजवायला गोंडे, माटुळ्या, रंग घ्यायला आसपासची माणसं आली होती. तारघर उघडायला वेळ होता, पण सुदाम मागच्या खोलीतून येऊन दारात उभा होता. त्याच्यासमोर, छपराच्या बाहेर, पावसात, गुरुजी. घोंगडीत गुंडाळलेली शाळेची घडी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरलेली.

"सुदाम, टाइम सांग," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माही घडी चुकली. तुही बराबर हाय."

गोंडे घेणारी माणसं वळून बघू लागली.

"आत या गुरुजी," सुदाम म्हणाला.

गुरुजी हलले नाहीत. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तू माह्या शाळेत चार सालं ओट्यावर बसला. असाच पानी राहे. एक दिवस तुले मी आत नाई घेतलं. फारम भरून देल्ला, पन आत नाई घेतलं. आता तुह्या घरात मी कोन्या तोंडानं येऊ?"

मला हे माहीत नव्हतं. जमलेल्यांतल्या जुन्या माणसांना माहीत असावं, कारण त्यांनी माना खाली घातल्या. सुदाम रागावेल असं वाटलं, आणि रागावला असता तर कोणाला काय बोलायची सोय होती?

मग तो पायरी उतरून पावसात आला आणि त्यानं गुरुजींच्या हातातून घडी घेतली.

"मी भिजलो थे मले ठाऊक हाय गुरुजी. विसरलो नाई, विसरनारही नाई. पन घडीनं काय केलं? ती काऊन भिजवता? चला आत."

तो घडी घेऊन आत गेला. मागोमाग, एका क्षणानं, गुरुजी चपला काढून आत गेले. मी बाहेर छपराखाली उभा राहिलो. आतून सुदामचा आवाज आला, "सहा वाजून अठरा," आणि त्याच्या मागून, मुलानं पाढा म्हणावा तसा, गुरुजींचा, "सहा वाजून अठरा."